हिल्डेगार्ड यांचा ‘रीझेनकोडेक्स’ : ग्रंथाची मालकी आणि पाठाचा अधिकार

प्रस्तावना :

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत प्रत्येक पोथीच्या नोंदीच्या अखेरीस दोन-तीन ओळींचा मजकूर असतो. पोथी कोणाकडून आली, केव्हा आली आणि त्यापूर्वी ती कोणाच्या ताब्यात होती, एवढीच माहिती त्यात दिलेली असते. अभ्यासक बहुधा या ओळींवरून नजर फिरवतो आणि मूळ पाठाकडे वळतो. पाठ महत्त्वाचा आणि मालकी आनुषंगिक, अशी ही विभागणी वरवर पाहता सयुक्तिक वाटते. काही ग्रंथांच्या बाबतीत मात्र ती टिकत नाही. ग्रंथ कोणी सांभाळला, कोणी नेला, कोणी लपवला आणि कोणी परत आणला, यावर त्यातील काय वाचले जाणार आणि काय कायमचे हरपणार हे ठरत गेलेले दिसते.

बाराव्या शतकातील जर्मन धर्मभगिनी, द्रष्ट्या आणि संगीतरचनाकार बिंगेनच्या हिल्डेगार्ड (१०९८-११७९) यांच्या लॅटिन लेखनाचा महाग्रंथ, म्हणजेच ‘रीझेनकोडेक्स’, हे याचे लक्षणीय उदाहरण होय. ‘रीझेनकोडेक्स’ या जर्मन नावाचा अर्थच ‘राक्षसी आकाराचा ग्रंथ’ असा आहे. चर्मपत्राची ४८१ पत्रे, सुमारे ४६ सेंटीमीटर उंची, ३० सेंटीमीटर रुंदी आणि जवळजवळ १५ किलो वजन असलेला हा ग्रंथ आज जर्मनीतील वीसबाडेन येथील ग्रंथालयात आहे. त्याच ग्रंथालयातील हिल्डेगार्ड यांचे दुसरे, सचित्र हस्तलिखित १९४५ पासून बेपत्ता आहे. एकाच मठातून निघालेल्या, एकाच मार्गाने वीसबाडेनला पोचलेल्या आणि एकाच तिजोरीत ठेवलेल्या या दोन ग्रंथांपैकी एक उरला, एक गेला. या घटनाक्रमाचा हिल्डेगार्ड यांच्या वाङ्मयाच्या आकलनाशी असलेला संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे :

१. ‘रीझेनकोडेक्स’च्या मालकीच्या इतिहासातील प्रमुख टप्पे मांडणे.
२. कायदेशीर मालकी, प्रत्यक्ष सांभाळ आणि पाठाचा अधिकार या तीन बाबी एकमेकींपासून कशा वेगळ्या होत गेल्या, हे पाहणे.
३. हिल्डेगार्ड यांच्या साहित्याच्या आधुनिक चिकित्सेवर या इतिहासाचा झालेला परिणाम तपासणे.

ग्रंथाचे स्वरूप :

हिल्डेगार्ड यांचे आयुष्य प्रारंभी डिझिबोडेनबर्ग येथील मठात गेले. तेथे युटा ऑफ स्पोनहाइम यांच्या सहवासात त्या वाढल्या. ११३६ मध्ये युटा यांचे निधन झाल्यावर तेथील स्त्रीसमुदायाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. ११४१ मध्ये त्यांनी ‘स्किव्हिआस’ म्हणजे ‘मार्ग जाण’ हा आपल्या दर्शनांवरील पहिला ग्रंथ लिहिण्यास आरंभ केला. तो पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. सुमारे ११५० मध्ये त्या आपल्या धर्मभगिनींसह बिंगेनजवळच्या रूपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठात गेल्या. पुढे त्यांनी पुण्यपापांच्या संघर्षावरील ‘लीबर व्हीटे मेरिटोरम’ आणि विश्वरचना व ईश्वरी कार्य यांवरील ‘लीबर दिव्हिनोरम ओपेरम’ हे आणखी दोन दर्शनग्रंथ लिहिले. या तीन ग्रंथांतून त्यांचे ईश्वरशास्त्रीय चिंतन मांडलेले आहे.

‘रीझेनकोडेक्स’चे लेखन रूपर्ट्सबर्ग येथे साधारण ११७५ ते ११९० या काळात झाले असे मानले जाते. म्हणजे हिल्डेगार्ड यांच्या अखेरच्या वर्षांत किंवा निधनानंतर लगेचच तो आकाराला आला. वर उल्लेखिलेले तीन दर्शनग्रंथ, विस्तृत पत्रसंग्रह, शुभवर्तमानांवरील प्रवचने, त्यांनी निर्माण केलेल्या ‘अज्ञात भाषे’ची शब्दसूची, त्यांचे चरित्र, ‘सिम्फोनिया’ हा गीतसंग्रह आणि ‘ओर्दो व्हिर्तुतुम’ हे संगीतनाट्य यांचा त्यात समावेश आहे. एका लेखिकेचे जवळजवळ समग्र वाङ्मय तिच्याच मठात, तिच्याच परिवाराच्या देखरेखीखाली एकत्र होण्याचे असे उदाहरण बाराव्या शतकात विरळाच आढळते.

या ग्रंथात काय नाही, हेही तितकेच बोलके आहे. निसर्गातील वनस्पती, प्राणी, खनिजे आणि रोगचिकित्सा यांवरील ‘फिझिका’ व ‘कॉझे एट कुरे’ ही हिल्डेगार्ड यांच्या नावावरील पुस्तके त्यात नाहीत. आज सामान्य वाचकांत हिल्डेगार्ड यांची ओळख पुष्कळदा औषधी वनस्पतींच्या जाणकार म्हणून करून दिली जाते. त्यांच्या पहिल्या वारसदारांना मात्र जगापुढे ठेवायची होती ती द्रष्टी, उपदेशिका आणि धर्मचिंतक हिल्डेगार्ड. ग्रंथाची अनुक्रमणिका हीच येथे पहिली समीक्षा ठरते.

पहिल्या मालकांचे संपादन :

ग्रंथ ज्यांच्या घरी तयार झाला, त्यांनी तो जसाच्या तसा सांभाळला असेल, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. ‘रीझेनकोडेक्स’मधील पत्रसंग्रह या समजुतीला धक्का देतो. या पत्रव्यवहाराच्या काही जुन्या प्रती अन्यत्र उपलब्ध आहेत. त्यांच्याशी तुलना केल्यावर रूपर्ट्सबर्गच्या संपादकांनी पत्रांवर बरेच संस्कार केल्याचे स्पष्ट होते. पत्रांचा क्रम कालानुसार नाही. पोप, आर्चबिशप, बिशप, मग मठाधिपती अशी अधिकारपरंपरेची उतरण त्यात दिसते. काही ठिकाणी वेगवेगळी पत्रे जोडून एक केली आहेत, तर काही ठिकाणी पत्र पाठवणारी व्यक्ती बदलून तिच्या जागी अधिक मान्यवर नाव आले आहे. क्लेअरव्होचे बर्नार्ड यांचे हिल्डेगार्ड यांना आलेले मूळ उत्तर त्रोटक होते. ‘रीझेनकोडेक्स’मध्ये ते वाढवलेल्या स्वरूपात आढळते. पत्रव्यवहाराची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे लीव्हन व्हान आकर यांच्या कार्यामुळे या थरांचा उलगडा झाला. त्या आवृत्तीचे पहिले दोन खंड १९९१ व १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या फेरफारांना सरळ लबाडी म्हणणे अनैतिहासिक ठरेल. मध्ययुगात पत्रसंग्रह हा वाङ्मयप्रकार होता. त्यात पत्रे शैलीदृष्ट्या घडवली जात आणि उदाहरण म्हणून मांडली जात. शिवाय हा ग्रंथ तयार होत असताना रूपर्ट्सबर्गचा समुदाय संकटात होता. बहिष्कृत झालेल्या एका सरदाराचे दफन मठाच्या भूमीत केल्यावरून ११७८ मध्ये माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी मठातील धर्मविधींवर व गायनावर बंदी घातली होती. हिल्डेगार्ड यांच्या मृत्यूपूर्वी काही महिनेच ती उठली. आपल्या संस्थापिकेचा अधिकार निर्विवाद असावा, ही त्या स्त्रियांची गरज होती. पोप आणि संत यांच्या पत्रांनी सुरू होणारा संग्रह हा त्या गरजेला दिलेला प्रतिसाद म्हणता येईल.

म्हणूनच सांभाळणारे हात कधीच तटस्थ नसतात, हे या ग्रंथाबाबत पहिल्या पायरीवरच मान्य करावे लागते. ज्यांनी ग्रंथ टिकवला त्यांनीच तो घडवला, आणि घडवताना बदललाही. पुढील साऱ्या इतिहासाकडे पाहताना हे भान राखणे आवश्यक आहे.

रूपर्ट्सबर्ग ते वीसबाडेन :

पुढील साडेचार शतके ग्रंथ धर्मभगिनींकडेच राहिला. १६३२ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने रूपर्ट्सबर्गचा मठ उद्ध्वस्त केला. धर्मभगिनींना स्थलांतर करावे लागले. अखेरीस त्या ऱ्हाईनच्या दुसऱ्या तीरावरील आयबिंगेन येथील मठात स्थिरावल्या. हा मठही हिल्डेगार्ड यांनीच ११६५ मध्ये उभारला होता. इमारत जळाली तरी ग्रंथ वाचले. पंधरा किलोचा ग्रंथ घेऊन युद्धकाळात पळणे ही सोपी गोष्ट नव्हे. समुदायाने आपली ओळख भिंतींपेक्षा ग्रंथात अधिक मानली, असे यावरून म्हणता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या काळात जर्मन प्रदेशांत मठांची मालमत्ता सत्ताधीशांच्या हाती गेली. आयबिंगेनचा मठ १८०३ मध्ये विसर्जित करण्यात आला आणि १८१४ मध्ये त्याचा शेवट झाला. ‘रीझेनकोडेक्स’ आणि ‘स्किव्हिआस’ची सचित्र प्रत वीसबाडेन येथील नासाऊ संस्थानच्या ग्रंथालयात दाखल झाली. सुमारे साडेसहाशे वर्षे ज्या परंपरेकडे ग्रंथ होता, तिची कायदेशीर मालकी अशा प्रकारे संपुष्टात आली.

या बदलाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालयात आल्यामुळे ग्रंथ विद्वानांना उपलब्ध झाला. १८५५ मध्ये मीन्य यांच्या लॅटिन धर्माचार्यांच्या ग्रंथमालेचा १९७ वा खंड हिल्डेगार्ड यांच्या वाङ्मयाला वाहिलेला होता. १८८२ मध्ये कार्डिनल पित्रा यांनी वीसबाडेनच्या हस्तलिखिताच्या आधारे तोवर न छापलेले बरेच लेखन प्रसिद्ध केले. मालकी सरकारची झाली आणि वाचक जगभर मिळाले. मठाच्या दृष्टीने जो अन्याय होता, तो विद्याव्यासंगाच्या दृष्टीने लाभ ठरला. एकाच घटनेची ही दोन्ही मूल्यमापने खरी आहेत आणि त्यांपैकी एक निवडण्याचा मोह टाळणेच इष्ट ठरते.

मालक असलेली राजवटही स्थिर नव्हती. १८६६ मध्ये नासाऊ प्रशियाने खालसा केले. दुसऱ्या महायुद्धानंतर वीसबाडेन नव्याने स्थापन झालेल्या हेसे राज्यात आले. ग्रंथ जागेवरच होता, त्याच्या मालकाचे नाव मात्र बदलत होते.

मालकी नसलेल्यांनी केलेली प्रतिकृती :

आयबिंगेन येथे १९०४ मध्ये पुन्हा एकदा बेनेडिक्टाइन धर्मभगिनींचा मठ सुरू झाला. या धर्मभगिनी प्राग येथून आल्या होत्या. १८१४ मध्ये संपलेल्या समुदायाच्या त्या कायदेशीर वारस नव्हत्या. गावाचे नाव, संतपरंपरा आणि स्वीकारलेले व्रत एवढाच त्यांचा हिल्डेगार्ड यांच्याशी दुवा होता. वीसबाडेनच्या ग्रंथांवर त्यांचा कोणताही हक्क नव्हता.

१९२७ ते १९३३ या काळात या मठातील धर्मभगिनींनी ‘स्किव्हिआस’च्या सचित्र हस्तलिखिताची हाताने प्रतिकृती तयार केली. चर्मपत्रावर, मूळ अक्षरवळण गिरवीत, ३५ लघुचित्रे मूळ रंगांसह आणि सोन्याचांदीच्या वर्खासह त्यांनी उतरवली. छायाचित्रणाची कला रुळलेली असताना, मुद्रणाची सोय असताना, सहा-सात वर्षे खर्चून बाराव्या शतकातील पद्धतीने ग्रंथ पुन्हा लिहिणे हे व्यवहारी दृष्टीला निरर्थक वाटले असते. नकलून घेणे हीच येथे उपासना होती. मूळ ग्रंथ कधी हरवेल अशी शंका त्या वेळी कोणाला येण्याचे कारण नव्हते.

वारकरी परंपरेतील हस्तलिखितांशी परिचय असलेल्या मराठी अभ्यासकाला ही वृत्ती अनोळखी वाटणार नाही. पोथी उतरून काढणे हे वाचनाचेच एक रूप आहे, ही जाणीव दोन्हीकडे आहे. मूळ पोथी ज्याच्या देव्हाऱ्यात आहे तो तिचा धनी असतो. जो ती अक्षर अक्षर उतरवतो त्याचाही तिच्याशी एक संबंध जडतो आणि तो कोणत्याही दस्तऐवजात नोंदला जात नाही.

ड्रेस्डेनची तिजोरी :

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांचा धोका वाढल्यावर वीसबाडेनच्या ग्रंथालयाने आपले मौल्यवान ग्रंथ अन्यत्र हलवण्याचे ठरवले. १९४२ मध्ये ‘रीझेनकोडेक्स’ आणि सचित्र ‘स्किव्हिआस’ ही दोन्ही हस्तलिखिते ड्रेस्डेन येथील एका बँकेच्या तिजोरीत पाठवण्यात आली. पूर्वेकडील हे शहर तुलनेने सुरक्षित समजले जात होते. त्याच सुमारास, १९४१ मध्ये, आयबिंगेनच्या धर्मभगिनींना नाझी राजवटीने मठातून हुसकावले होते. म्हणजे मूळ ग्रंथ आपल्या ग्रंथालयात नव्हते आणि प्रतिकृती करणाऱ्या स्त्रिया आपल्या घरात नव्हत्या.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर भीषण बॉम्बवर्षाव झाला. तिजोरी बॉम्बहल्ल्यातून वाचली, परंतु त्यानंतरच्या अंदाधुंदीत ‘स्किव्हिआस’ची सचित्र प्रत नाहीशी झाली. तिचा मागमूस आजवर लागलेला नाही. ‘रीझेनकोडेक्स’ मात्र मिळाला. एकाच तिजोरीतील दोन ग्रंथांच्या वाट्याला आलेले हे भिन्न भागधेय कोणत्याही गुणवत्तेवर ठरलेले नव्हते. उत्तम ते टिकते, हा साहित्येतिहासात अनेकदा गृहीत धरला जाणारा सिद्धांत येथे पूर्णतः कोलमडतो. सोन्याचांदीने नटलेला, कलादृष्ट्या अधिक देखणा ग्रंथ गेला आणि चित्रविरहित अवाढव्य ग्रंथ राहिला.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये धर्मभगिनी आयबिंगेनला परतल्या. त्यांनी केलेली प्रतिकृती शाबूत होती. ‘स्किव्हिआस’ची चित्रे आज जगभरातील पुस्तकांत, मुखपृष्ठांवर आणि अभ्यासग्रंथांत रंगीत स्वरूपात दिसतात, ती या प्रतिकृतीमुळे. मूळ हस्तलिखिताची केवळ कृष्णधवल छायाचित्रे उपलब्ध आहेत.

परतीचा प्रवास आणि मालकीचा प्रश्न :

ड्रेस्डेन युद्धानंतर सोव्हिएत नियंत्रणाखालील विभागात होते, तर वीसबाडेन अमेरिकी विभागात. वीसबाडेनच्या ग्रंथालयाने ‘रीझेनकोडेक्स’ परत मिळवण्याचे प्रयत्न केले, पण राजकीय सीमारेषा आड येत होती. या टप्प्यावर बर्लिनमधील मध्ययुगीन इतिहासाच्या अभ्यासक मार्गारेटे क्यून यांनी ग्रंथ अभ्यासासाठी मागवून घेतला. बर्लिनमधील एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी कॅरोलिन वॉल्श यांच्या साहाय्याने तो १९४८ मध्ये पश्चिमेकडे पोचवण्यात आला. ड्रेस्डेनकडे त्याच्याऐवजी दुसराच ग्रंथ परत गेला. वॉल्श यांनी ‘रीझेनकोडेक्स’ प्रथम आयबिंगेनच्या मठात आणला आणि तेथून तो वीसबाडेनला गेला.

या कृतीचे मूल्यमापन कसे करावे? ड्रेस्डेनच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा उसनवारीच्या नियमांचा उघड भंग होता. कर्जाऊ घेतलेला ग्रंथ परत न करता दुसराच पाठवणे हे कोणत्याही ग्रंथालयात अक्षम्य मानले जाईल. याउलट, मूळ मालक वीसबाडेनचे ग्रंथालय होते आणि ग्रंथ ड्रेस्डेनला केवळ सुरक्षिततेसाठी ठेवलेला होता. ठेव ही ठेवणाऱ्याची असते, हा साधा न्याय क्यून यांच्या बाजूने होता. मात्र येथे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. वीसबाडेनची मालकी तरी कशातून आली होती? १८१४ मध्ये एका मठाच्या विसर्जनातून. त्या वेळीही मालकांची संमती नव्हती, केवळ राज्यसत्तेचा आदेश होता. फरक इतकाच, की पहिल्या हस्तांतरावर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले होते आणि दुसरे हस्तांतर चोरवाटेने झाले.

ग्रंथ परत आणताना तो प्रथम मठात नेला गेला, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. मठाने ग्रंथ ठेवून घेतला नाही. तो ज्या ग्रंथालयाच्या नावावर होता त्याच्याकडे गेला. मालकीचा दावा न करता सांभाळाची जबाबदारी पार पाडण्याचे हे उदाहरण आहे. १९२७ मध्ये प्रतिकृतीच्या निमित्ताने सुरू झालेले नाते येथे पुन्हा प्रत्ययास येते.

पाठचिकित्सेवरील परिणाम :

या सर्व घटनांचा हिल्डेगार्ड यांच्या वाङ्मयाच्या अभ्यासाशी काय संबंध, हा कळीचा मुद्दा आहे. त्याचे तीन पैलू सांगता येतील.

पहिला पैलू कर्तृत्वाचा. बाराव्या शतकातील एका स्त्रीने इतके विस्तृत लॅटिन लेखन केले असेल का, अशी शंका दीर्घकाळ घेतली जात होती. त्यांचे लेखनसाहाय्यक फोल्मार यांच्याकडे किंवा इतर पुरुषांकडे खरे कर्तृत्व जाते, असा सूर त्यामागे होता. १९५६ मध्ये मारिआना श्राडर आणि आडेलगुंडिस फ्युरक्योटर या आयबिंगेनच्याच दोन धर्मभगिनींनी हस्तलिखितांच्या अक्षरवळणाचा सूक्ष्म अभ्यास करून या लेखनाची अस्सलता सिद्ध करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या विवेचनात रूपर्ट्सबर्गच्या लेखनशाळेची हस्तलिखिते केंद्रस्थानी होती. ‘रीझेनकोडेक्स’ १९४८ मध्ये पश्चिमेकडे आला नसता, तर विभाजित जर्मनीत हा अभ्यास इतक्या सहजतेने घडला नसता. हिल्डेगार्ड यांना त्यांचे कर्तृत्व परत मिळवून देण्यात ग्रंथाच्या परतीचा वाटा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पुढे १९७८ मध्ये ‘स्किव्हिआस’ची चिकित्सक आवृत्ती फ्युरक्योटर आणि अँजेला कार्लेव्हारिस यांनी सिद्ध केली. कार्लेव्हारिस याही आयबिंगेनच्याच. मालकी गमावलेल्या परंपरेने संपादनाच्या वाटेने ग्रंथाशी आपले नाते पुन्हा जोडले.

दुसरा पैलू चित्रांचा. ‘स्किव्हिआस’मधील चित्रांची योजना स्वतः हिल्डेगार्ड यांची होती की नंतरच्या कलावंतांची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मॅडलिन कॅव्हिनेस यांनी हिल्डेगार्ड यांचाच सहभाग आग्रहाने मांडला, तर इतरांनी त्याविषयी संशय व्यक्त केला. याआधी १९१७ मध्ये चार्ल्स सिंगर यांनी चित्रांतील चमकते बिंदू आणि तटबंदीसारख्या आकृत्या पाहून हिल्डेगार्ड यांना अर्धशिशीचा विकार असावा, असा तर्क मांडला होता. या तर्काचा आधार मुख्यतः चित्रे आहेत. ती हिल्डेगार्ड यांच्या देखरेखीखाली काढली गेली नसतील, तर निदानाचा पायाच डळमळतो. त्यात मूळ हस्तलिखित नसल्याने रंग, वर्खाचा थर, रंगद्रव्ये यांची प्रत्यक्ष तपासणी आता शक्य नाही. रेषांची पडताळणी कृष्णधवल छायाचित्रांवरून करता येते, रंगांची नाही. आज रंगांविषयी केले जाणारे प्रत्येक विधान हे विसाव्या शतकातील धर्मभगिनींच्या डोळ्यांवर आणि हातांवर विसंबलेले असते. प्रतिकृती कितीही निष्ठेने केलेली असली तरी ती साक्ष आहे, मूळ वस्तू नव्हे. काही लोकप्रिय लेखनात ही मर्यादा सांगितली जात नाही आणि प्रतिकृतीतील चित्र ‘बाराव्या शतकातील चित्र’ म्हणून छापले जाते. ही गंभीर त्रुटी मानावी लागेल.

तिसरा पैलू संगीताचा. ‘सिम्फोनिया’ची दुसरी महत्त्वाची प्रत हिल्डेगार्ड यांच्या हयातीतच व्हिलर येथील मठवासीयांकडे पाठवण्यात आली होती. डेंडरमोंडे हस्तलिखित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रतीत ५७ रचना आहेत, तर ‘रीझेनकोडेक्स’मध्ये ७५. ‘ओर्दो व्हिर्तुतुम’ या नाट्यासाठी तर हा ग्रंथच प्रमुख आधार आहे. आज जगभरच्या सभागृहांत हिल्डेगार्ड यांची गीते गायली जातात. ड्रेस्डेनच्या तिजोरीतून दोन्ही ग्रंथ नाहीसे झाले असते, तर हे संगीत आज इतक्या पूर्णतेने गाता आले नसते.

येथे पहिल्या मालकांच्या संपादनाचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. ‘रीझेनकोडेक्स’ टिकला म्हणून तो सर्वांत विश्वसनीय ठरतो, असे नाही. पत्रांच्या बाबतीत व्हान आकर यांनी जुन्या प्रतींना दिलेले महत्त्व हे या विवेकाचे उत्तम उदाहरण आहे. टिकून राहिलेल्या ग्रंथाबद्दलची कृतज्ञता आणि त्याच्या पाठाबद्दलची चिकित्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा दुसरीवर परिणाम होऊ न देणे हे संपादकाचे कर्तव्य आहे.

निष्कर्ष :

१. ‘रीझेनकोडेक्स’च्या बाबतीत मालकीचा इतिहास ही केवळ सूचीतील नोंद नसून पाठाच्या आकलनाचा अविभाज्य भाग आहे. ग्रंथात काय समाविष्ट झाले, काय वगळले गेले आणि कशाची प्रत्यक्ष तपासणी आज शक्य आहे, हे त्या इतिहासाने ठरवले.
२. कायदेशीर मालकी, प्रत्यक्ष सांभाळ आणि पाठाचा अधिकार या तीन बाबी १८१४ नंतर वेगवेगळ्या हातांत गेल्या. मालकी शासनाकडे होती, परंतु प्रतिकृती, अस्सलतेचा शोध आणि चिकित्सक संपादन यांत आयबिंगेनच्या धर्मभगिनींचा वाटा निर्णायक ठरला.
३. सांभाळ तटस्थ नसतो. रूपर्ट्सबर्गच्या समुदायाने पत्रसंग्रहावर केलेले संस्कार याची साक्ष देतात. त्यामुळे परंपरेचे गुणगान आणि पाठाची चिकित्सा यांत गल्लत करता कामा नये.
४. हरवलेल्या ‘स्किव्हिआस’च्या अभ्यासात प्रतिकृतीचा उपयोग करताना तिचे विसाव्या शतकातील स्वरूप स्पष्टपणे नोंदवले गेले पाहिजे.

समारोप :

२०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी हिल्डेगार्ड यांना कॅथलिक चर्चच्या ‘धर्मपंडित’ म्हणून घोषित केले. हा सन्मान आजवर केवळ चार स्त्रियांना मिळाला आहे. ज्या लेखनाच्या बळावर तो मिळाला, ते एका मठात लिहिले गेले, युद्धात वाहून नेले गेले, शासनाने ताब्यात घेतले, तिजोरीत बंद झाले आणि नियम मोडून परत आणले गेले. आज ‘रीझेनकोडेक्स’ची संगणकीय छायाचित्रे कोणालाही पाहता येतात. मालकाच्या परवानगीशिवाय ग्रंथ उघडता न येण्याचे दिवस या ग्रंथापुरते तरी मागे पडले आहेत. तथापि अशी छायाचित्रे हीदेखील एक प्रतिकृतीच आहे. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या प्रतिकृतीने जो प्रश्न उभा केला, तोच प्रश्न ती पुन्हा विचारतात. मूळ ग्रंथ नाहीसा झाला, तर उरलेल्या नकलेवर किती विसंबायचे? ‘स्किव्हिआस’च्या बाबतीत अभ्यासकांना या प्रश्नाला सामोरे जावेच लागले. ‘रीझेनकोडेक्स’च्या बाबतीत ती वेळ आली नाही, आणि याचे श्रेय त्याच्या मालकांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, ज्यांच्या नावावर तो कधीच नव्हता त्यांना द्यावे लागेल.